पुराची खूण, नवा ओटा आणि मागचा परस

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीच्या चौकटीवर तेलरंगाने ओढलेल्या दोन रेघा आहेत. वरची रेघ जमिनीपासून चार फुटांवर आहे आणि तिच्याखाली 'ऑगस्ट २०१९' असे लिहिले आहे. खालची दीड फुटावर असून ती जुलै २०२१ ची आहे. सांगलीच्या गावभागात राहणाऱ्यांना या रेघा वेगळ्या समजावून सांगाव्या लागत नाहीत. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट मानली जाते. २०१९ साली पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते आणि २०२१ साली ते जवळपास ५५ फुटांपर्यंत आले. त्या दोन-अडीच फुटांचा फरक आमच्या घरात एका चौकटीवर मोजता येतो.

स्वयंपाकघर नव्याने करायचे आणि त्याच्या मागचा परस पुन्हा लागता करायचा, हे दोन्ही निर्णय आम्ही २०२१ पासून पुढे ढकलत होतो. दिवाळीनंतर, रविवारी १९ नोव्हेंबर २०२३ रोजी मी, माझे पती आणि सासूबाई असे तिघे कागद-पेन्सिल घेऊन बसलो, तिथून पुढच्या सात महिन्यांचा हा वृत्तान्त आहे. पुराच्या पट्ट्यात राहणाऱ्या ज्या कुटुंबांचे असेच काम अडून राहिले असेल, त्यांना कोणती गोष्ट कोणत्या क्रमाने करावी याचा अंदाज यावा, एवढ्यासाठी तारखा आणि खर्च जसे वहीत नोंदवले तसेच येथे देत आहे.

पहिल्या बैठकीत आम्ही ओट्याचा रंग आणि फरशीचा आकार यांवर तासभर बोललो. सासूबाई सगळे ऐकून घेत होत्या. शेवटी त्या म्हणाल्या, "पाणी आलं तर हे सगळं किती वेळात वर नेता येईल, ते आधी सांगा." या एका प्रश्नाने आमच्या आराखड्याची दिशा बदलली. २०१९ साली आम्हाला घर सोडायला साधारण तीन तास मिळाले होते, आणि त्यातला बराच वेळ खालच्या कपाटातले डबे काढण्यात आणि फ्रीज उचलून माळ्याच्या जिन्यावर नेण्यात गेला होता. तेव्हा ठरले ते असे, की स्वयंपाकघर दोन तासांत रिकामे करता आले पाहिजे आणि जे हलवता येणार नाही ते पाण्यात राहूनही टिकले पाहिजे. परसाबाबत उलटा विचार होता. बाग उचलून नेता येत नाही, म्हणून ती बुडाली तर एका हंगामात पुन्हा उभी करता येईल अशी असावी. पुढचा प्रत्येक खर्च आम्ही याच कसोटीवर घासून पाहिला.

आमचे स्वयंपाकघर अकरा बाय नऊ फूट आहे. मागची भिंत चार फूट परसात सरकवून ते मोठे करावे, अशी माझी फार दिवसांची इच्छा होती. ४ डिसेंबरला मी नगररचना विभागात जाऊन चौकशी केली. घराचा जुना मंजूर नकाशा, मालमत्ता पत्रक आणि घरपट्टीची पावती बरोबर नेली होती, त्यामुळे एकाच खेपेत काम झाले. या तीन कागदांच्या झेरॉक्स नेहमी एका फाइलमध्ये तयार ठेवाव्यात. तिथल्या कर्मचाऱ्याने शांतपणे समजावून सांगितले, की आहे त्या भिंतींच्या आत गिलावा, फरशी, ओटा, रंग अशा दुरुस्त्या करायला बांधकाम परवानगी लागत नाही. भिंत बाहेर सरकवली, तर मात्र ते नवे बांधकाम ठरते आणि पूररेषेचे नियम लागू होतात. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची मर्यादा आणि लाल रेषा म्हणजे १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची. आमचे घर या रेषांच्या हिशेबात येते, आणि नव्या बांधकामाचे जोते ज्या उंचीला न्यावे लागले असते, ती पाहता जुने घर खाली आणि नवी चार फुटांची खोली कमरेइतकी वर, असा प्रकार झाला असता. घरी येताना मला वाईट वाटले, हे कबूल करते. पण चार फूट परस शिल्लक राहिला याचे समाधान आज त्याहून मोठे आहे.

दुसरा प्रश्न उंबराचा होता. परसाच्या दक्षिण कोपऱ्यात घराच्याही आधीचा एक उंबर आहे. घर सासऱ्यांनी १९६८ साली बांधले, म्हणजे झाडाचे वय पन्नाशीच्या पुढे नक्कीच आहे. त्याच्या मुळांनी सांडपाण्याच्या जुन्या चिनीमातीच्या पाइपांचे सांधे फोडून आत शिरकाव केला होता आणि एक मोठी फांदी स्वयंपाकघराच्या पत्र्यावर घासत होती. दोन ओळखीच्या माणसांनी झाड काढून टाका असे सुचवले. ज्या घरातून दर पौर्णिमेला कोणी ना कोणी नरसोबाच्या वाडीला जाते, त्या घरात उंबर तोडण्याची भाषा कोण करणार? पण श्रद्धा बाजूला ठेवली तरी कायदा आहेच. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार शहरात स्वतःच्या अंगणातले झाडसुद्धा परवानगीशिवाय तोडता येत नाही, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरील झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा मिळतो. आम्ही ठरवले की झाड राहील आणि पाइप हलेल. फांदीच्या छाटणीसाठी ११ डिसेंबरला अर्ज केला. सोबत झाडाची चार बाजूंनी काढलेली छायाचित्रे, पत्र्यावर फांदी टेकल्याचे जवळून काढलेले छायाचित्र, घरपट्टीची पावती आणि आधारकार्डाची प्रत जोडली. ९ जानेवारीला पाहणी झाली आणि २४ जानेवारीला फक्त त्या एका फांदीच्या छाटणीची लेखी परवानगी हातात पडली. अर्जात 'झाडाचा त्रास होतो' असे मोघम न लिहिता नेमकी कोणती फांदी, जमिनीपासून किती उंचीवर आणि कोणत्या दिशेची हे लिहावे; पाहणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी तो उल्लेख वाचून पाच मिनिटांत काम संपवले.

विजेचे काम मी सर्वांत जास्त भीत भीत हाती घेतले. आमचा मीटर दारापाशी साडेतीन फुटांवर होता आणि २०१९ मध्ये तो पूर्ण पाण्याखाली गेला होता. मीटर वर घेण्यासाठी १५ जानेवारीला वीज कंपनीच्या कार्यालयात अर्ज दिला. परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा चाचणी अहवाल जोडावा लागतो, ही गोष्ट मला तिथे गेल्यावर कळली आणि एक खेप वाया गेली. २९ जानेवारीला कोटेशन मिळाले, त्याच दिवशी रक्कम भरली आणि २२ फेब्रुवारीला मीटर सहा फुटांवर बसला. शुल्क आणि ठेकेदाराचे मिळून ४,२०० रुपये लागले. घरातल्या वायरिंगबाबत एकच नियम ठेवला: सगळ्या तारा छताकडून खाली येतील, जमिनीकडून वर एकही जाणार नाही. ओट्यावरचे मिक्सरचे आणि इंडक्शनचे बोर्ड साधारणपणे साडेतीन-चार फुटांवर असतात. आम्ही ते पावणेपाच फुटांवर, म्हणजे वरच्या रेघेच्या नऊ इंच वर घेतले. त्यामुळे मिक्सरची वायर थोडी ताणली जाते, पण ते सवयीचे झाले. फ्रीज, इंडक्शन आणि पाण्याचा फिल्टर यांना स्वतंत्र सर्किट आणि सगळ्यांवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवला. ओल्या हाताने काम चालणाऱ्या खोलीत या एका वस्तूवर काटकसर करू नये, असे माझे ठाम मत आहे. वायरिंगचे एकूण ३१,००० रुपये झाले.

१ फेब्रुवारीला जुना ओटा फोडला. तत्पूर्वी आठवडाभर आम्ही एक साधी गोष्ट केली, तिचा उपयोग मला फार झाला. स्वयंपाक करताना मी कोणती वस्तू कुठून उचलते आणि कुठे ठेवते याची सासूबाईंनी वहीत टिपणे केली. भाकरी करताना मी पिठाच्या डब्यासाठी खोली ओलांडून चार वेळा जाते, चिरलेली भाजी धुवायला सिंककडे वळताना दर वेळी गॅसवरून हात नेते आणि फ्रीजचे दार उघडले की मागच्या दाराची वाट अडते, हे कागदावर उतरल्यानंतरच दिसले. म्हणून नव्या मांडणीत सिंक आणि गॅस यांच्यामध्ये अडीच फुटांचा मोकळा ओटा ठेवला, पिठाचे डबे गॅसच्या उजव्या हाताला आले आणि फ्रीज पुढच्या दाराजवळ गेला, जेणेकरून वेळ आली तर तो जिन्यापर्यंत नेण्याचे अंतर सहा पावलांचे राहील. ओट्याची उंची ठरवताना कोपरातून हात दुमडून, कोपरापासून चार-पाच इंच खाली जिथे तळवा सहज टेकतो तिथे खूण केली. माझी खूण ३४ इंचांवर आणि सासूबाईंची ३१ वर आली. मोठा ओटा ३३ इंचांचा केला आणि मागच्या दारापाशी ३० इंचांचा, अडीच फूट रुंद असा छोटा ओटा केला, जिथे त्या स्टुलावर बसून भाजी निवडतात आणि समोर परस दिसतो.

ओट्याखाली प्लायवूडचे एकही कपाट केले नाही. २०१९ च्या पुरानंतर आमची प्लायची दारे पुरीसारखी फुगली होती आणि त्यांना सुटलेला वास आठ महिने गेला नाही. या वेळी काळ्या कडप्प्याची मांडणी करून त्यात स्टेनलेस स्टीलच्या जाळीच्या टोपल्या ठेवल्या. त्या सामानासकट उचलून जिन्यावर नेता येतात. रेघेच्या वर, साडेपाच फुटांपासून पुढे लाकडी कपाटे आहेत आणि ती आयएस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का असलेल्या मरीन प्लायची आहेत. ओट्यावर काळा ग्रॅनाइट आहे, कारण पांढऱ्या दगडावर हळद आणि लिंबू दोन्ही कायमचे डाग पाडतात. गॅसची टाकी ओट्याखालच्या बंद खणात न ठेवता जाळीचे दार असलेल्या खणात ठेवली आहे, आणि त्या खणाला जमिनीलगत हवा खेळायला झरोका ठेवला आहे, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली तर तो खाली साचतो. टाकीला भिंतीतल्या आकड्याची साखळी आहे. पुरात भरलेली टाकीसुद्धा तरंगते, हे आम्ही २०१९ साली डोळ्यांनी पाहिले आहे. ओटा आणि कडप्पा मिळून ५२,००० आणि टोपल्या व वरची कपाटे मिळून ६४,००० रुपये झाले.

आता सांडपाण्याविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण सर्वांत जास्त चुका होतात त्या इथेच आणि फरशी बसल्यानंतर त्या दिसेनाशा होतात. सखल भागात पूर दारातून येण्याआधी मोरीतून येतो. रस्त्याखालच्या वाहिन्या नदीच्या फुगवट्याने भरल्या, की पाणी उलटे फिरून न्हाणीघरात आणि सिंकखाली वर येते. २०२१ मध्ये रस्ता कोरडा असताना आमच्या मोरीत घोटाभर पाणी होते. गवंडीमामांना मी फरशीचे नमुने दाखवत होते, तेव्हा ते म्हणाले, "वैनी, फरशी काय शेवटी बघायचीच हाय. पाणी कुठनं येतंय आन् कुठं जातंय, ते आधी बघू या." त्यांच्या सांगण्यावरून उंबराच्या बाजूची जुनी वाहिनी बंद केली आणि उत्तरेच्या भिंतीलगत ११० मिलिमीटरची नवी पीव्हीसी वाहिनी घेतली. तिची लांबी ३४ फूट आहे आणि पन्नास फुटांना एक फूट या हिशेबाने तिला एकूण आठ इंचांचा उतार दिला आहे. शेवटच्या चेंबरमध्ये पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप बसवली. ती सांगलीतल्या दुकानदाराने बाहेरून मागवून दिली आणि त्यात बारा दिवस गेले. ही झडप बसवणाऱ्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात: पुराच्या वेळी ती मिटलेली असताना घरातलेही पाणी बाहेर जात नाही, म्हणून त्या काळात सिंक वापरायचे नसते; आणि तिच्या पडद्यावर चरबी बसली तर ती नीट मिटत नाही, म्हणून पावसाळ्यापूर्वी ती उघडून साफ करावी लागते.

रस्त्याकडेच्या चेंबरला नवी वाहिनी जोडण्यासाठी १२ फेब्रुवारीला अर्ज दिला होता. लोकसभेच्या निवडणुकीची तयारी सुरू असल्याने बरेचसे कर्मचारी त्या कामात होते. सांगलीचे मतदान ७ मे २०२४ रोजी होते. परवानगी ४ एप्रिलला मिळाली. चाळीस दिवसांचे धरलेले काम ७४ दिवसांवर गेले, त्यातला मोठा वाटा या प्रतीक्षेचा होता. ज्यांना असे काम काढायचे आहे त्यांनी फोडाफोडीच्या आधी किमान दोन महिने हा अर्ज द्यावा. मी ओटा फोडल्यानंतर दिला, ही माझी चूक होती.

तेवढे दिवस पडवीत एक शेगडी, एक टेबल आणि पिण्याच्या पाण्याचे दोन पिंप एवढ्यावर स्वयंपाक चालला. गुढीपाडव्यापर्यंत काम संपेल अशी आशा होती, पण ९ एप्रिलच्या पुरणपोळ्या पडवीतच झाल्या. त्या दिवशी मला रडू आवरले नाही. एका जागी उभे राहून चौघांचे जेवण करण्याचा थकवा दोन महिन्यांत साठत जातो आणि तो नेमका सणाच्या दिवशी बाहेर पडतो. पडवीत काम करताना डाळ-तांदूळ-पिठाचे छोटे डबे एका टोपलीत आणि मसाल्याचा डबा व तेल दुसऱ्या टोपलीत ठेवले होते. तीच रचना पुढे पुराच्या वेळी उचलायच्या टोपल्यांसाठी कायम ठेवली.

याच काळात एक मोठा फटका वाचला. मोरीपाशी गिलाव्याचा उतार दिल्यावर, फरशी लावण्यापूर्वी मी चार बादल्या पाणी ओतून पाहिले, तर कोपऱ्यात दोन हाताच्या पसाऱ्याएवढे डबके राहिले. मामांनी कुरकुर न करता तेवढा भाग पुन्हा केला. फरशी लागल्यावर तोच दोष काढायला कितीतरी पट खर्च आला असता. फरशी आणि भिंतीच्या टाइलचे ४७,००० रुपये झाले. खडबडीत पोताची, फिकट राखाडी फरशी घेतली आणि त्यापलीकडे त्यात सांगण्यासारखे काही नाही.

आता परस. भिंती आणि उंबराची जागा सोडून हातात राहिलेला भाग बावीस बाय चौदा फुटांचा आहे. माती काळी, उन्हाळ्यात बोटभर भेगा पडणारी, आणि वर दोन पुरांचा गाळ. गाळ पडला म्हणजे जमीन सुपीक झाली, असे पुष्कळ जण मानतात. नदीकाठच्या मळ्यातला पोयटा आणि शहरातल्या गल्लीत आलेला गाळ यांत फार अंतर आहे. आमच्या गाळात गटाराचे पाणी आणि दुकानांतले तेल मिसळलेले होते. म्हणून वरचा सहा इंचांचा थर काढून टाकला आणि उरलेल्या मातीचे परीक्षण करून घेतले. नमुना घेताना पाच ठिकाणी इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखा साधारण वीतभर खोल खड्डा घेऊन त्याच्या कडेची माती खरवडली, ती सावलीत वाळवून एकत्र केली, ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून दिले, असे अर्धा किलो उरेपर्यंत केले आणि कापडी पिशवीत भरून शासकीय मृद चाचणी प्रयोगशाळेत दिले. अहवालात सामू (पीएच) ८.२ आला, म्हणजे माती अल्कधर्मी आहे. कृष्णाकाठच्या काळ्या जमिनी पाणी आणि क्षार साठून क्षारपड होतात, ही या जिल्ह्याची जुनी दुखरी बाजू आहे. त्याचा एक धडा घरच्या बागेलाही लागू होतो.

भांडी घासलेले पाणी बागेला सोडावे, असे सगळीकडे सुचवले जाते. पण भांड्यांच्या साबणातला सोडियम आणि खरकट्यातले मीठ काळ्या मातीत साठत गेले, की तिची रचना बिघडते आणि पाणी मुरेनासे होते. तरीही इतके पाणी वाया घालवणे मनाला पटत नव्हते. म्हणून दोन भांड्यांचे सिंक घेतले आणि दोन्हींचे निचरे वेगळे ठेवले. डाव्या भांड्यात फक्त डाळ, तांदूळ आणि भाज्या धुतल्या जातात आणि ते पाणी वेगळ्या पाइपने परसात जाते. उजव्या भांड्यात भांडी घासली जातात आणि ते पाणी चरबी अडवणाऱ्या छोट्या चेंबरमधून वाहिनीत जाते. डाव्या पाइपच्या तोंडाशी अळू, कर्दळ आणि एक केळ आहे. पूर्वी प्रत्येक घरात मोरीच्या पाण्यावर अळू असायचे. फरक इतकाच, की त्या काळी भांडी राखेने घासली जात. पालेभाज्यांना आम्ही हे पाणीसुद्धा देत नाही. चरबीचे चेंबर दर पंधरा दिवसांनी साफ करावे लागते आणि ते काम किळसवाणे आहे, हे आधीच सांगून ठेवते. नळकाम, चेंबर आणि झडप मिळून ३८,५०० रुपये झाले.

वाफे कुठे करायचे हे ठरवण्यासाठी जानेवारीत मी दर दोन तासांनी उन्हाची हद्द खडूने आखली होती. त्यावरून उंबराजवळचा भाग निरुपयोगी वाटला. पण सांगलीच्या अक्षांशावर मेच्या पहिल्या आठवड्यात सूर्य दुपारी अगदी डोक्यावर येतो आणि त्यानंतर ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत माध्यान्हीला उत्तरेकडे असतो. त्यामुळे हिवाळ्यात जिथे उंबराची लांब सावली पडते, तिथे पावसाळ्यात बरेच ऊन मिळते. बाग आखताना एकाच महिन्याचे ऊन पाहून निर्णय घेऊ नये. उंबराकडच्या वाफ्यात पावसाळी पिके आणि उत्तरेकडच्या दोन वाफ्यांत हिवाळ्यातली मेथी, पालक, कोथिंबीर आणि वांगी अशी विभागणी केली. वाफे विटांच्या कडेचे, फूटभर उंच गादीवाफे आहेत. मळ्यातली माती आणि कुजलेले शेणखत निम्मे-निम्मे घातले. शेवगा घराजवळ लावला नाही, कारण त्याचे लाकूड ठिसूळ असते आणि वळवाच्या वाऱ्यात फांद्या मोडतात. कढीपत्ता मागच्या दाराशी, फोडणी टाकल्यावर धावत जाऊन आणता येईल इतक्या जवळ आहे. ओल्या कचऱ्याचे दोन ड्रम भिंतीला दोरीने बांधलेले आहेत. बांधायचे कारण टाकीच्या साखळीचेच. परसाचा सगळा खर्च १६,००० रुपये झाला.

१५ एप्रिलला नव्या ओट्यावर दूध उतू घातले. अक्षय्य तृतीयेला, १० मे रोजी, उंबराकडच्या दहा बाय चार फुटांच्या वाफ्यात सेलम हळदीचे सव्वा किलो बेणे लावले. ज्या गावची हळद २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळवते, तिथल्या परसात तिला पहिला मान देणे मला योग्य वाटले. शिवाय थोडी सावली तिला चालते. जूनमध्ये एका रिकाम्या वाफ्यात ताग पेरून फुलोऱ्यावर येताच तो मातीत गाडला.

फोडकाम, खिडक्यांच्या जाळ्या, रंग आणि पंखा धरून सगळा हिशेब २,८५,००० रुपयांवर थांबला. अंदाज २,४०,००० चा होता. जास्तीचे ४५,००० मुख्यतः जमिनीखालच्या कामात गेले, जे कोणाला दिसत नाही.

जुलै २०२४ च्या अखेरीस पाऊस वाढला आणि कोयनेतून विसर्ग सुरू झाल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा आम्ही वाट न पाहता एका संध्याकाळी सराव म्हणून स्वयंपाकघर रिकामे केले. टोपल्या, फ्रीज, टाकी, मिक्सर आणि धान्य वर जायला एक तास पन्नास मिनिटे लागली. पाणी आमच्या गल्लीपर्यंत आले नाही. एक उणीव मात्र दिसली: तीस किलोची टाकी जिन्यावर नेणे दोघांनाही अवघड गेले, म्हणून आता जिन्याच्या तोंडाशी कप्पी बसवून घेतली आहे.

फेब्रुवारी २०२५ मध्ये हळद काढली. ओले कंद नऊ किलो भरले. त्यातले काही गड्डे सासूबाईंनी बेण्यासाठी निवडून वाळूत ठेवले. बाकीचे शिजवून गच्चीवर वाळवल्यावर त्यांचे पावणेदोन किलो झाले. दळलेल्या हळदीची बरणी सासूबाईंनी स्वतःच्या हाताने सर्वांत वरच्या कपाटात, रेघेपासून तीन फूट वर ठेवली.